डॅडींनी कापलेली इटली

कॉलेजच्या पहिल्या टर्मला मी इटालियन सिनेमावर अठरा पानांचा निबंध लिहिला. त्यात मी म्हटलं होतं की इटालियन दिग्दर्शक प्रेम दाखवण्याऐवजी दार दाखवतात. दोन माणसं एका खोलीत जातात, दार बंद होतं, समुद्र दिसतो, आणि पुढच्या दृश्यात तीच माणसं वेगळ्या कपड्यांत, एकमेकांकडे न बघता कॉफी पीत असतात. मधलं प्रेक्षकाने स्वतःच्या मनात भरायचं. एवढा संयम हॉलिवूडला जमत नाही, असंही एक वाक्य होतं. ते वाक्य मी तीनदा खोडून तीनदा लिहिलं होतं.

निबंध पास होणं गरजेचं होतं. बारावीला मला एका विषयात पुन्हा बसावं लागलं होतं, त्यामुळे दुबईतल्या त्या कॉलेजात माझा प्रवेश तात्पुरता होता. टर्मच्या शेवटी फिल्मच्या पेपरात निदान 'सी' मिळाला तर प्रवेश कायम होणार होता, नाही तर नाव कमी. नाव कमी झाल्यावर काय करायचं हेही ठरलेलं होतं. मम्मी एका हॉटेलात हाउसकीपिंगला होती. तिथे टेलिफोनवर एक मुलगी हवी होती आणि मम्मीने सुपरवायझरच्या कानावर माझं नाव घालून ठेवलं होतं. यात तिचा काही वाईट हेतू नव्हता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. डॅडी आठवी, मम्मी दहावी, दोघंही वसईचे. 'तात्पुरता प्रवेश' या शब्दांची घरात कुणाला भीती वाटली नाही, कारण इथे आमचं सगळंच तात्पुरतं होतं. व्हिसासुद्धा तीन तीन वर्षांचाच मिळायचा.

भीती फक्त मला वाटत होती. वर्गातल्या बाकीच्या मुली सिनेमाबद्दल बोलायच्या तेव्हा त्यांच्याकडे शब्द असायचे. माझ्याकडे शब्द नव्हते, पण मी इटालियन सिनेमे पाहिलेले होते. पुष्कळ. हे कुणालाच खरं वाटत नसे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

पाहिले होते ते घरीच. डॅडी शारजात एका व्हिडिओ कंपनीत 'एडिटिंगला' होते. कंपनी बाहेरून सिनेमे आणायची, माहिती खात्याकडून मंजुरीचा शिक्का मिळवायची आणि कॅसेट काढून सातही अमिरातींतल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांना पुरवायची. शिक्का मिळालेल्या कॅसेटची एकेक कॉपी डॅडी घरी आणायचे आणि चित्र हलतं का, आवाज नीट येतो का, ते आमच्या टीव्हीवर बघायचे. नव्वदच्या दशकातल्या माझ्या बऱ्याचशा संध्याकाळी या तपासणीत गेल्या. हाणामारीचे सिनेमे असायचे, जंगलाचे असायचे, आणि अधूनमधून इटलीचे. इटलीचे मला जास्त आवडायचे. त्यांत कुणी मरत नसे. एखादी पत्रकार बाई विमानाने कुठल्या तरी देशात उतरायची, टोपीवाल्या फोटोग्राफरला भेटायची, मोठ्या बंगल्यात राहायची, जिना चढायची, आणि बराच वेळ समुद्राकडे बघायची. इंग्रजी आवाज ओठांच्या मागून यायचे. मम्मी मासळी साफ करता करता बघायची.

"पडदे बघ कसे धुतलेत," ती म्हणायची. "आणि ही लोकं जेवतात कधी? कॉफीवरच असतात."

"दे डोन्ट ईट, मम्मी. दे आर सॅड," मी म्हणायचे.

"सॅड कशाला? एवढा मोठा बंगला आहे."

 डॅडी चित्राच्या खालच्या कडेला बघत असायचे, जिथे टेप खराब असली की पांढरी रेघ उमटते.

निबंध दिल्यावर आठवड्याने मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्या पुण्याच्या होत्या. वर्गात इंग्रजी बोलायच्या, पण माझं आडनाव वाचल्यापासून एकटं भेटल्यावर मराठीत बोलायच्या. त्यांच्यासमोर माझा निबंध होता आणि समासात पेन्सिलीने बरंच काही लिहिलेलं होतं.

"हे सिनेमे तू कुठे पाहिलेस?"

"घरी."

"घरी म्हणजे, कुणाबरोबर?"

"मम्मी-डॅडींबरोबर."

त्यांनी चष्मा काढला.  मग त्यांनी विचारलं की त्यातला एकेक सिनेमा साधारण किती वेळाचा होता.

"पन्नास मिनिटं. एखादा पंचावन्न. हा एक अडतीस मिनिटांचा होता, ज्याच्यावर मी तीन पानं लिहिलीत."

"अगं, सिनेमा अडतीस मिनिटांचा नसतो."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते अगदी कोरडेपणाने, टाइमटेबल सांगावं तसं सांगितलं, याबद्दल मी अजून त्यांची आभारी आहे. सत्तरच्या दशकात युरोपात तसला एक सिनेमा जोरात चालला. लगेच इटलीत त्याच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या. पैसा कमी, दोन-तीन आठवड्यांत शूटिंग, जगभर विक्री. कथा, प्रवास, समुद्र हे सगळं भरताड असायचं. दाराच्या आत जे व्हायचं त्यासाठी लोक तिकीट काढायचे.

"तू ज्याच्यावर अठरा पानं लिहिलीस," त्या म्हणाल्या, "ते उरलेलं आहे. कुणीतरी मधलं काढून टाकल्यावर उरलेलं. तुझी नजर चांगली आहे. पण तू दिग्दर्शकाला जे श्रेय दिलंयस ते त्याचं नाही. असा निबंध मी पास करू शकत नाही."

मी निबंध उचलून दप्तरात घालू लागले. 

"दोन आठवडे देते. नवा विषय घे, नाही तर हाच धर आणि नीट कर. हाच घेतलास तर कुणी कापलं, कसं कापलं, ते शोधावं लागेल. ज्याच्याशी बोलशील त्याची फॉर्मवर सही लागेल. ऐकीव गोष्टी चालणार नाहीत."

कुणी कापलं हे मला त्यांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधीच कळलं होतं. शारजाच्या बसमध्ये मी तो शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितला. एडिटिंग. तो आमच्या घरात इतकी वर्षं होता आणि मी त्याचा अर्थ सिनेमाच्या पुस्तकात दिलेला घेत होते.

घरी डॅडी लसूण सोलत बसले होते. तेव्हा कॅसेट जवळजवळ संपल्या होत्या, सगळीकडे डिस्क आल्या होत्या, आणि डॅडींना कंपनीने गोदामाचं काम दिलं होतं. मी सरळ विचारलं. फिरवून विचारायचं कसं ते मला सुचलं नाही.

"डॅडी, ते इटलीचे पिक्चर तुम्ही कापायचात का?"

त्यांनी हातातली पाकळी पूर्ण सोलली. "कुणी सांगितलं?"

"मॅडमनी. म्हणजे तुमचं नाव नाही. कुणीतरी कापलंय असं म्हणाल्या."

"मॅडम तसले पिक्चर बघतात?"

"शिकवतात."

"तसले पिक्चर शिकवतात? एवढ्या लांब बसने जाऊन तू हे शिकतेस?"

मम्मी आतून म्हणाली, "सांगा ना तिला. मुलगी एक दिवस विचारील, मी बोललेच होते."

म्हणजे मम्मीला सगळं माहीत होतं. पडदे बघतानाही माहीत होतं.

"विषय बदल," डॅडी मला म्हणाले. "कार्टूनवर लिही. कार्टून चांगलं असतं."

मी म्हटलं की दोन आठवड्यांत मला नवीन काही जमणार नाही. मला येतं ते एवढंच. आणि हे झालं नाही तर नाव कमी होईल. यावर ते उठून हात धुवायला गेले. तीन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. मला त्यांची अडचण कळत होती. महिन्यातून एकदा चर्चमध्ये मराठी मिस्सा असायची आणि त्यात बायबलचं पहिलं वाचन बहुतेक वेळा डॅडी करायचे. आमच्या गावची पन्नासेक कुटुंबं त्यांना 'व्हिडिओवाले' म्हणून ओळखायची आणि लहान मुलांसाठी कार्टूनच्या कॅसेट मागायची. एवढंच त्यांना माहीत होतं.

शुक्रवारी मिस्सा झाल्यावर त्यांनी मम्मीला घरी सोडलं आणि मला म्हणाले, "तू बस गाडीत." आम्ही गोदामाकडे गेलो. शुक्रवारच्या सुट्टीमुळे सगळा इंडस्ट्रियल एरिया बंद होता. गोदामाच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तिथे दोन व्हीसीआर आणि एक जुना टीव्ही प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेले होते. त्यांनी प्लॅस्टिक काढलं, घडी घातली आणि पिशवीतून एक कॅसेट काढली. मला क्षणभर फार विचित्र वाटलं. पण ती माझ्या मावशीच्या लग्नाची कॅसेट होती.

"यातच दाखवतो," ते म्हणाले. "काम तेच असतं."

एका मशीनमध्ये मूळ टेप, दुसऱ्यात कोरी. मूळ चालू ठेवायची, कोरीवर रेकॉर्ड करत राहायचं, नको तो भाग आला की रेकॉर्ड थांबवायचं, मूळ पुढे पळवायची, पुन्हा सुरू करायचं. ऐकायला सोपं आहे. पण बटण दाबल्यावर मशीन अर्धा सेकंद उशिरा ऐकतं, म्हणून तेवढं आधी दाबावं लागतं. आणि कुठे दाबायचं हे ठरवावं लागतं.

"माणसाच्या तोंडावर कापायचं नाही," डॅडी म्हणाले. "तोंडावर कापलं की बघणाऱ्याला कळतं, काहीतरी गेलंय. वस्तूवर कापायचं. दाराची मूठ, फॅन, बशी. वस्तूला घाई नसते."

"आणि समुद्र?"

"संगीत मध्येच तुटलं तर धक्का बसतो. मग मी मागे जाऊन त्याच पिक्चरमधला समुद्र शोधायचो आणि मध्ये चार सेकंद टाकायचो. समुद्राच्या आवाजात सगळं खपतं."

माझ्या निबंधात समुद्रावर दोन पानं होती. मी ते त्यांना सांगितलं नाही.

लग्नाच्या कॅसेटमध्ये हॉलवरचा भाग आला. मावशीचे दीर ग्लास उंच धरून नाचत होते आणि शर्ट काढायच्या बेतात होते. डॅडींनी ग्लासवर बटण दाबलं, टेप मागे पळवली, हॉलमधला पंखा चार सेकंद फिरू दिला आणि मग थेट चर्चमधलं सकाळचं दृश्य जोडलं. तेच दीर बाकावर हात जोडून बसलेले.

"बघ," डॅडी म्हणाले, "सुधारले."

आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर ते बोलायला लागले. मी वहीत लिहून घेत होते आणि त्यांनी हरकत घेतली नाही.

ते सिनेमे कंपनीने कधी निवडून आणले नव्हते. सिनेमे लॉटमध्ये यायचे. वीस मारामारीचे घेतले की त्यांच्या गळ्यात चार-पाच इटलीचे बांधलेले असायचे. टाकून देणं मालकाला पटायचं नाही. म्हणून कापून कापून त्यांचा प्रवासपट करायचा आणि मग शिक्क्यासाठी पाठवायचा. डॅडींनी असे किती केले त्यांना आठवत नव्हतं. पण त्यांना जे आठवत होतं ते ऐकून मला वाटलं, हा माणूस मॅडमच्या वर्गात बसायला हवा. सात सिनेमांत एकच बंगला असल्याचं त्यांनी ओळखलं होतं, जिन्याच्या कठड्याची एक फळी मोडलेली होती त्यावरून. विमान उतरतानाचं दृश्य सगळ्यांत तेच, फक्त नंतरची पाटी वेगळी. पूर्वेकडचा कुठला देश म्हणून हॉटेलची खोली दाखवायचे आणि पलंगावरची चादर आधीच्या सिनेमात आफ्रिकेत असायची. नट-नट्यांची नावं इंग्रजी करून टाकलेली. एका गाजलेल्या नायिकेचं नाव चाललं की दुसरी कंपनी एक अक्षर बदलून तेच नाव लावायची, कोर्टकचेरी नको म्हणून. मग त्या नकलेची नक्कल तिसरी कंपनी काढायची, तिच्याकडे बंगल्याचंही भाडं नसायचं, ती सगळं बागेत उरकायची.

"नकलेच्या नकला कापायला त्रास," डॅडी म्हणाले. "वस्तूच नसायच्या. गरीब पिक्चर. कशावर कापणार? झाडावर?"

सगळ्यात जास्त तक्रारी रुवैसहून यायच्या. तिथल्या रिफायनरीच्या कॅम्पात पुरुष एकटे राहायचे. लायब्ररीवाला फोन करून ओरडायचा, "हबीबी, ये क्या भेजा? आदमी लोग बोलता है, दरवाजा बंद, पिक्चर खलास!"

"तुम्ही काय सांगायचात?"

"सांगायचो, दर्दभरी फिल्म है."

पाठोपाठ ते गंभीर झाले आणि त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत ते या कॅसेटना हात लावायचे नाहीत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत फक्त कार्टून आणि मारामारी. त्यांच्याबरोबर कोझिकोडचे एक वयस्कर गृहस्थ काम करायचे, डॅडी त्यांना इक्का म्हणायचे. उपवासकाळात डॅडींच्या वाटच्या इटलीच्या कॅसेट इक्का करायचे. रमझानमध्ये इक्कांच्या वाटच्या डॅडी करायचे. यावर दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं. पहिल्या वर्षी इक्कांनी गठ्ठा उचलून आपल्या टेबलावर नेला, आणि पुढच्या रमझानला डॅडींनी उचलला.

"पण एका वर्षी," डॅडी म्हणाले, "रमझान आणि उपवासकाळ एकाच आठवड्यात लागले."

ईदसाठी माल तयार हवा होता. टेबलावर इटलीच्या कॅसेटचा गठ्ठा होता आणि दोघंही दुसरीकडे बघून काम करत होते. मालक आले. त्यांना आधी कळेचना. कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "एक का रोज़ा, दूसरे का फ़ास्ट! और मेरा क्या? मैं किस धरम का हूँ?" इक्का म्हणाले, "ईद के बाद, इन्शाल्ला." मालक म्हणाले, "इन्शाल्ला नहीं, अभी." शेवटी त्यांनी स्वतः खुर्ची ओढली आणि बटणं कुठली ते विचारून घेतलं. त्यांना भीती इतकी होती की कुणी कुणाचा हात धरला तरी ते बटण दाबायचे. पुढे पुढे तर दोन माणसं एका चित्रात आली तरी. दोन दिवसांनी जे उरलं त्यात विमान होतं, स्कूटर होती, फळांचा बाजार होता आणि समुद्र.

"किती मिनिटांचा झाला?" मी विचारलं.

"अडतीस."

मी वही खाली ठेवली. मग त्यांना सांगावंच लागलं की त्या सिनेमावर मी तीन पानं लिहिलीत. त्यात 'कथानकाचा धाडसी त्याग' असे शब्द आहेत.

डॅडी इतके हसले की त्यांना व्हीसीआरवर हात टेकावा लागला. "मालकांना सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "माणूस आर्टिस्ट निघाला."

पुढचा आठवडाभर मी लिहीत होते. आता निबंध एका कापणाऱ्या माणसाबद्दल होता. दिग्दर्शकाच्या नावाने मी जे जे लिहिलं होतं ते ओळीने डॅडींच्या नावाने करत गेले. नाव म्हणजे निबंधात नाव नव्हतंच, त्यांनी ती एकच अट घातली होती. मी 'कापणारा' असा शब्द वापरला. नाव फक्त सहीच्या फॉर्मवर असणार होतं आणि तो मॅडमच्या कपाटात राहणार होता. त्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा एक रकाना होता. त्यावर डॅडी बराच वेळ थांबले. त्यांच्या व्हिसावर पहिल्यापासून 'स्टोअरकीपर' असंच लिहिलेलं होतं. इथे पुष्कळांच्या व्हिसावर एक असतं आणि माणूस दुसरंच काम करतो. त्यांनी स्टोअरकीपर लिहिलं आणि खाली सही केली. वर्षानुवर्षं केलेलं काम कुठल्याच कागदावर आलं नाही, असं तेव्हा माझ्या मनात आलं. त्यांच्या आलं की नाही, सांगता येत नाही.

शेवटचा भाग मला सगळ्यात चांगला जमला होता. त्यात एका सिनेमाचं वर्णन होतं. एका बेटावरच्या घरात एक विधवा बाई परत येते. घरात एक म्हातारा टेबलाशी बसून संत्रं सोलतोय. बाई कुणाबरोबर तरी जिना चढून वर जाते. आपण खालीच राहतो, म्हाताऱ्यापाशी. तो संत्रं सोलतो, फोडी वेगळ्या करतो, एकेक खातो. वरून काही ऐकू येत नाही. बाई खाली उतरते तेव्हा टेबलावर फक्त साली असतात आणि म्हातारा तिच्याकडे बघत नाही. मी लिहिलं होतं की कापणाऱ्याच्या कामाचा हा कळस आहे. 'वस्तूवर कापायचं' हा नियम त्याने इथे पूर्णत्वाला नेला. शेवटची तीन पानं त्यावरच उभी होती, आणि निबंधाचा निष्कर्षही.

शनिवारी सकाळी निबंध द्यायचा होता. शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर डॅडींनी तो वाचायला मागितला. त्यांना इंग्रजी हळू वाचता यायचं, ओळीखाली बोट धरून. मी समोर बसले नाही, गॅलरीत वाळलेले कपडे काढत राहिले. पाऊण तासाने त्यांनी हाक मारली.

"बाय, इकडे ये. हे माझं नाही."

"काय?"

"हे संत्र्याचं. इथे मी मशीनला हात लावला नाही. ते आधीपासूनच तसं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे वर ते कॅमेरा घेऊन गेलेच नाहीत. ज्याने पिक्चर काढला त्यानेच ठेवलंय ते तसं. पुढे-मागे तसलं बरंच होतं, ते मी काढलं. पण हे त्याचं आहे." त्यांनी कागद सरळ केला. "मी इक्कांना बोलावून दाखवलं होतं. इक्का म्हणाले, याला काम येतं. मग असल्या पिक्चरात का आला?"

मला रडू आलं नाही, पण राग आला. मी त्यांना म्हणाले की शेवटची तीन पानं यावरच आहेत. उद्या सकाळी द्यायचंय. हे काढलं तर शेवटच राहत नाही, आणि शेवट नसलेला निबंध मॅडम पास करणार नाहीत.

"हू विल नो, डॅडी? तो सिनेमा इथे कुणाकडे नाही. मॅडमकडे पण नाही."

"त्याला माहीत आहे ना."

"कुणाला? त्या इटलीच्या माणसाला? तो वाचणार आहे का?"

"न वाचू दे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी त्याचं इतकं कापलं. एक चांगलं ठेवलं होतं त्याने, ते माझ्या नावावर नको."

मम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं ती म्हणेल, अहो, राहू द्या, पोरीचं वर्ष जाईल. ती म्हणाली, "टायपिंगवाला साडेचारला उघडतो. आत्ता बसलीस तर होईल. मी चहा ठेवते."

मी बसले. तीन पानं काढली आणि त्यांच्या जागी एकच पान लिहिलं. त्यात लिहिलं की या सगळ्या सिनेमांत मला एक जागा सापडली जिथे दार दिग्दर्शकाने स्वतः बंद केलं होतं. बाकीच्या जागांपासून ती वेगळी ओळखता येत नाही, आणि ही ओळखता न येणारी गोष्टच मला सांगायची आहे. हे वाक्य बरोबर आहे का याची मला खात्री नव्हती. निष्कर्ष लिहायला वेळ उरला नाही. साडेचारला मी टायपिंगच्या दुकानात पोचले. तिथला माणूस नमाजाहून नुकताच परतला होता आणि शटर वर करत होता.

मॅडमनी दोन दिवसांनी निबंधावर तोंडी परीक्षा घेतली. त्यांनी कापण्याच्या पद्धतीबद्दल विचारलं, लॉटबद्दल विचारलं, रमझान आणि उपवासकाळाची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा त्या नोट्स घेत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. मग शेवटच्या पानावर आल्या.

"हा अचानक संपतो."

"हो."

"आणि एकच कट तू दिग्दर्शकाला परत दिलायस. त्याला पुरावा काय?"

"ज्यांनी बाकीचे कापले त्यांनी सांगितलं."

"त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा?"

मी आधी 'ते माझे डॅडी आहेत' असं म्हणणार होते. ते उत्तर नाही हे मला वेळेवर कळलं. मी म्हणाले, "कारण तो कट सगळ्यांत चांगला होता आणि मी तो त्यांना देत होते. त्यांनी घेतला नाही."

मॅडमनी फॉर्म बघितला, त्यावरचं आडनाव बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या आडनावाबद्दल काही बोलल्या नाहीत. निष्कर्ष नसल्याबद्दल मात्र पाच मिनिटं बोलल्या, आणि ते सगळं खरं होतं. मग त्यांनी 'सी' लिहिला आणि दुसऱ्या एका कागदावर, ज्याच्यावर माझं नाव आणि 'तात्पुरता' असा शिक्का होता, सही केली. मी तो कागद ऑफिसात नेऊन दिला. क्लार्कने विचारलं, "कन्फर्म?" मी म्हटलं, "हो." त्याने तो दुसऱ्या फाइलला लावला.

घरी आले तेव्हा डॅडी नुकतेच गोदामातून आले होते आणि बूट काढत होते.

"झालं?"

"झालं. सी मिळाला. प्रवेश कायम झाला."

त्यांनी मान हलवली, दुसरा बूट काढला. मम्मी देवघराकडे गेली आणि मेणबत्ती लावू लागली.

"त्या संत्र्याचं काही विचारलं मॅडमनी?"

"विचारलं. कसं ओळखलं म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. निघताना म्हणाल्या, तो सिनेमा मिळाला तर त्यांना बघायचाय."

डॅडींनी मोजे बुटांत कोंबले.

"पूर्ण मिळाला तर बघायला सांग," ते म्हणाले. "मी कापलेला नको."